छर्रे धुवा, तेलाची घाई नको

स्प्रिंगची एअर रायफल नवीन असेल तर तिच्या शिशाच्या छर्र्यांना तेल लावूच नका. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेलाचा अंश पेटतो. जळका वास येतो, वेग दर गोळीला बदलतो. आधी कोमट साबणाच्या पाण्यात छर्रे अलगद हलवा, काळी पूड निघेल. चोळू नका, मागचा पातळ घेर चेपला की छर्रा भरकटतो. सुती कापडावर पूर्ण वाळवा. नाशिकच्या पावसाळ्यात ओल राहिली तर पांढरी भुकटी धरते. असे छर्रे टाकून द्या. छर्र्याच्या डोक्याच्या मापासाठी ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमीच्या डब्या घेऊन १० मीटरवर टेकू देऊन पाच-पाच गोळ्या मारा. ज्याच्या गोळ्या सगळ्यात जवळजवळ लागतील, तेच नळीला मानवणारं माप. हो, आणि धुण्याचं भांडं स्वयंपाकघरातलं नको, शिसं विषारी आहे.