पायात वांब येतात? कॅल्शियमच्या आधी बीपीची गोळी बघा

वडील साठीचे, वाळव्याकडं ऊस, रात्रीच्या लायटीवर दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला जातात, पहाटे पोटरीत वांब म्हणजे पेटके येऊन ओरडत उठतात आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या कॅल्शियमनं काही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. बीपीची गोळी चालू असल्याचं मात्र शेवटी जाता जाता सांगितलंत. मला तीच आधी बघावीशी वाटते.

बीपीसाठी बऱ्याच जणांना लघवी वाढवणारी गोळी असते. तिच्यामुळं पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमही निघून जातं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिननं किंवा दम्याच्या सॅल्ब्युटामॉल पंपानंही काहींना पेटके येतात. गोळी परस्पर बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडं जा. सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. कॅल्शियम खरंच घसरलं असेल तर बहुधा ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडतात. नुसत्या पोटरीवरून कॅल्शियम कमी आहे असं ठरवता येत नाही.

औषधाचा संबंध नसेल आणि तपासण्याही ठीक असतील तर बहुधा उरतो थकवा. स्नायू आखडतो तो मज्जातंतूच्या हुकुमानं. ताण वाढला की कंडरेतले, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतले, सूक्ष्म संवेदक ‘आता पुरे’ असा निरोप पाठवतात. दमलेल्या स्नायूत हा निरोप क्षीण होतो आणि आखडायचा हुकूम सुटतच राहतो, असं आज बरेच संशोधक मानतात. त्यात रात्रभर चिखलातून पाय उपसत चालायचं, मग घरी येऊन जड वाकळ घेऊन झोपायचं. वाकळेच्या भारानं पाऊल खाली झुकतं, पोटरी आधीच आखूड होते. कूस बदलताना जरा जोर लागला की गोळा आलाच.

म्हणून वांब आल्यावर रगडण्याआधी गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडं ओढा. कंडरा ताणली जाते आणि थांबायचा निरोप पोचतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून दोन्ही पोटऱ्या दोन-तीन मिनिटं ताणायची सवय लावा. वाकळ पायाशी सैल सोडा.

मीठ-साखर-पाणी उन्हात घाम गाळणाऱ्याला ठीक. बीपीवाल्यानं रोज मीठ वाढवू नये. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर फारसा उपयोग दिसलेला नाही. विकणारे काहीही म्हणोत.

एकच पाय सुजला, गरम लागला आणि दुखतोय, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, पोटरी चोळत बसू नका. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, असं होत असेल तर रक्तपुरवठा तपासा, तंबाखू-विडी असेल तर आधीच. पाय बारीक होत चालला किंवा ताकद कमी झाली तर न्यूरोलॉजिस्ट. मिरज तुम्हाला लांब नाही.

गोळीचं नाव इथं लिहा, मग पुढचं बोलू.