विसरलेले, की ऐकूच न आलेले?

‘मला हल्ली काही लक्षात राहत नाही, माझी बुद्धी तर जायला लागली नाही ना?’ हा प्रश्न साठी ओलांडलेल्या इतक्या माणसांनी समुपदेशक म्हणून मला विचारला आहे की, त्यांतील एकाची हकीकत ओळख लपवून सांगावीशी वाटते.

हे ७२ वर्षांचे गृहस्थ पत्नीसह आले. सकाळी सांगितलेले दुपारी त्यांना आठवत नसे आणि हसे होईल या भीतीने त्यांनी मित्रांत जाणेही सोडले होते. स्मरणशक्तीच्या तपासण्यांत विशेष काही आढळले नव्हते. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा समज माणसाला अधिक छळतो, असे मानणाऱ्यांपैकी मी असल्याने पहिल्या तीन भेटी मी त्यांच्या भीतीवरच खर्च केल्या.

चौथ्या भेटीत त्यांनी आठवड्यापूर्वी वाचलेला एक लेख आकड्यांसह सांगितला. मी चकित झाले. ते म्हणाले, “वाचलेलं राहतं हो, सांगितलेलं राहत नाही.” त्या वाक्यापाशी मी थबकले. मग मान खाली घालून, वहीत लिहीत असल्यासारखे करत मी हळूच विचारले, “रात्री झोपता किती वाजता?” त्यांनी हसून मान डोलावली. “हो, हो.”

“काका, मी आत्ता काय विचारलं?”

बराच वेळ ते गप्प राहिले. “खरं सांगू? ऐकू नाही आलं. सारखं ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटते.”

जे कानांतून आत पोहोचलेच नाही, ते आठवणार कसे? तपासण्यांच्या फाइलमध्ये नसलेला हा धागा केवळ गप्पांतून हाती लागला, याचे समाधान मला आजही आहे.

श्रवणयंत्राला मात्र त्यांचा ठाम नकार होता. “ते लावलं की म्हातारपणाचा शिक्का बसतो.” समजाचा प्रश्न खरा इथे होता आणि पुढच्या भेटी त्यावरच गेल्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ घटकांत श्रवणदोष, उच्च रक्तदाब, नैराश्य आणि एकटेपणा आहेत. हे सारे हाताळता आले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. यंत्र म्हणजे जादू नव्हे, हेही मी त्यांना सांगितले. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रवणयंत्रांच्या प्रयोगात सर्वांचा एकत्रित विचार करता बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही; ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात मात्र ती सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. काकांना पटले ते आकड्यांमुळे नव्हे, तर मित्रांत पुन्हा बसता येईल म्हणून.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा नेहमीचा हिशेब न जमणे असे काही दिसले, तर समुपदेशकाआधी डॉक्टरांकडे जावे. एरवी ‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी कान, डोळे, झोप, रक्तदाब आणि मनाची उदासी यांची चौकशी करावी; घरच्यांनी समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे.

तीन महिन्यांनी काका यंत्र लावून आले, पंख्याचा आवाज फार होतो अशी तक्रार करून गेले आणि जिन्यावरून परत फिरले.

“छत्री राहिली,” ते हसत म्हणाले, “ही मात्र खरंच विसरलो.”