शिपाई, मावशी, हवालदार: कुणाला काय म्हणायचं?

पदाने किंवा मजुरीने खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसांसाठी वापरायच्या शब्दांबद्दल पाच पत्रं आली आहेत. उत्तरं एकत्रच देत आहोत.

प्रश्न : 'कामवाल्या बायांनी मागचा जिना वापरावा' या आमच्या सोसायटीच्या सूचनेवरून वाद झाला. शब्द बदलून सूचना पुन्हा लावायची आहे. काय लिहावं? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

उत्तर : 'घरकामगार भगिनींनी मागचा जिना वापरावा' असं लिहिलंत तरी वाद मिटणार नाही, कारण तो जिन्याचा आहे. अडचण सामानाची असेल तर नियम सामानाला लावा : 'सिलिंडर, पाण्याचे जार, भंगार, फर्निचर मागच्या जिन्याने न्यावे.' मग ते कोण नेतंय हा प्रश्नच उरत नाही. अडचण सामानाची नसेल, तर सूचना काढून टाकलेलीच बरी.

आता शब्दांकडे. 'कामवाली' बोलण्यात सर्रास आहे, फलकावर नको. 'मोलकरीण' म्हणजे मोल घेऊन काम करणारी. अर्थात वावगं काही नाही, पण आज तो कानाला टोचतो. लेखी 'घरकामगार' चांगला. 2008 च्या राज्याच्या कायद्यात 'घरेलू कामगार' आहे, तोही चालेल. खरी मेख 'बाया'त आहे. शाळेतल्या बाई दोन असल्या तरी 'दोन्ही बाई आल्या' असंच म्हणतो. 'बाया' होतात त्या कामाच्या.

वॉचमनला 'सुरक्षारक्षक' म्हणा. 1981 च्या कायद्यातही तोच शब्द आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. 'सदस्यांनी कृपया गाडी रेषेत लावावी. सुरक्षारक्षकाने गेट बंद ठेवावे.' या जोडीत 'कृपया' फक्त सदस्यांच्या वाट्याला आलं आहे. एक तर दोन्हीकडे घाला, नाही तर दोन्हीकडून काढा.

प्रश्न : शाळेच्या अहवालात 'शिपाई निवृत्त झाले' लिहिलं तर एक की अनेक ते कळत नाही, 'निवृत्त झाला' लिहिणं बरं दिसत नाही. (मुख्याध्यापिका, सातारा)

उत्तर : 'शिपाई'चं अनेकवचन 'शिपाई'च, त्यामुळे आदर आणि संख्या एकमेकांत मिसळतात. 'शिपायांनी घंटा दिली' यातही तोच घोळ. उपाय एकच : पदाला नाव जोडा आणि नावानंतर 'हे, यांनी, यांचा' लावा. 'शाळेचे शिपाई श्री. अमुक अमुक हे 31 मे रोजी निवृत्त झाले.'

चूक सहसा पहिल्या वाक्यात होत नाही, तिसऱ्या-चौथ्या ओळीत होते. सुरुवातीला 'झाले' असतं आणि खाली 'त्याला शाल व श्रीफळ देण्यात आले'. म्हणून मजकूर झाल्यावर फक्त 'त्याने, त्याला, त्याचा' शोधत एकदा वाचा. दुसरी तपासणी नावांची. शिक्षकांचं आडनाव आणि शिपायाचं नुसतं पाळण्यातलं नाव, हे बहुतेक अहवालांत सापडतं. दोघांचंही पूर्ण नाव द्या.

पद लपवायची गरज नाही, 'शिपाई' स्वच्छ शब्द आहे. 'चतुर्थ श्रेणी कर्मचारी' हा मात्र त्याच्यापेक्षा सभ्य वाटत असला, तरी माणसाचं काम न सांगता नुसती पायरी सांगतो. शिवाय आता राज्यात 'गट-ड' म्हणतात, आणि केंद्र सरकारने सहाव्या वेतन आयोगानंतर तो गटच 'क'मध्ये मिसळून 'मल्टी टास्किंग स्टाफ' केला.

प्रश्न : ऐतिहासिक कादंबरी लिहितो आहे, शिवकाळ आणि उत्तर पेशवाई असे दोन भाग. खालच्या माणसांचे शब्द कसे वापरावेत? (एक लेखक, नाशिक)

उत्तर : आधी आजच्या पायऱ्या डोक्यातून काढा. आजचा पोलीस हवालदार शिपायाच्या जवळपास असतो. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस या अधिकाऱ्यांकडे असे. तिथे पहाऱ्यावरचा माणूस 'काय रे हवालदार' म्हणाला, तर जाणता वाचक पुस्तक मिटेल. पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमलेदारांवर हजारी अशी चढण होती. तळाशी बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचं घोडं आणणारा तो शिलेदार. 25 घोड्यांमागे एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) आणि एक पखालवाला (कातडी पखालीतून पाणी आणणारा) असे, आणि कादंबऱ्यांत हे दोघं जवळजवळ कधीच दिसत नाहीत. पायदळात पाईक.

'सुभेदार' आणि 'कोतवाल' असेच घसरलेले. मल्हारराव होळकर सुभेदार होते तेव्हा त्या शब्दात मुलूख मावत असे; आजच्या लष्करात ते कनिष्ठ अधिकाऱ्याचं पद आहे. पुण्याचा कोतवाल शहराचा बंदोबस्त पाही. घाशीराम कोतवालाचा 1791 मध्ये लोकांनी जीव घेतला तो याच सत्तेच्या रागातून. गावचा आजचा कोतवाल मात्र तलाठ्याच्या हाताखालचा, आणि आता त्याचं 'महसूल सेवक' झालं आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'कुणबीण'. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण विकत घेतली' असं येतं तेव्हा ती गुलाम बाई असते, कुणबी जातीची असेलच असं नाही. जातीचा अर्थ लावून प्रसंग रचलात तर सगळाच फसेल. 'बटीक'ही त्याच अर्थाचा.

संवादात तुच्छता दाखवायला वेगळी शिवी लागत नाही. मराठी ते काम प्रत्ययावर भागवते : कारकुनाचा 'कारकुंडा', शिपायाचा 'शिपुर्डा', भटाचा 'भटुर्डा'. पण निवेदकाच्या तोंडी हे रूप आलं की तुच्छता पात्राची न राहता तुमची होते.

प्रश्न : 'हमाल' म्हणणं अपमानास्पद आहे का? (पुणे)

उत्तर : नाही. पुण्यातल्या संघटनेचं नावच हमाल पंचायत आहे, आणि 1969 च्या माथाडी कायद्याच्या पूर्ण नावातही 'हमाल' आहे. रेल्वेने 2016 च्या अर्थसंकल्पात 'कुली'चा 'सहायक' करायचं ठरवलं. फलाटावर तो काही रुजला नाही. वाईट लागतं ते 'ए हमाल'. 'अहो, येता का?' म्हणून हाक मारा, मजुरी आधी ठरवा, आणि नग किती ते खरं सांगा.

प्रश्न : रुग्णालयात सगळ्यांना 'मावशी' आणि 'मामा' म्हणतात. हे बरोबर आहे का? (प्रशिक्षणार्थी परिचारिका, कोल्हापूर)

उत्तर : हाक म्हणून वाईट नाही, घाईच्या वॉर्डात नाव आठवत नसलं तरी भागतं. अडचण मराठी घरातल्या रीतीमुळे येते. मामाला अनेक घरांत 'अहो' असतं, सख्ख्या मावशीला मात्र 'अगं'. त्यामुळे वॉर्डात 'मामा, जरा इकडे या' आपोआप होतं आणि 'मावशी, बेडपॅन आण' हेही आपोआपच होतं. घरातली मावशी उलट आपल्यालाही 'अगं' म्हणते. वॉर्डातली तुम्हाला 'सिस्टर' म्हणते आणि 'अहो' करते. तेव्हा 'मावशी' म्हणायचं तर क्रियापद 'या, द्या, आणा' असंच ठेवा.

वयाचंही भान हवं. पन्नाशीच्या परिचारिकेने पंचविशीच्या मुलीला 'मावशी' म्हटलं की त्यात नातं उरत नाही, नुसतं पद उरतं. तिथे नावापुढे 'ताई' लावा. ड्यूटीच्या वहीत मात्र मावशी-मामा लिहू नका. काही घडलं आणि चौकशी लागली, तर कोणत्या मावशी हे सांगता येत नाही. तिथे पूर्ण नाव, पद (आया, कक्षसेवक, सफाई कामगार) आणि वेळ लिहा.