फोटोला अनेकवचन नसतं

प्रिय,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप उडाली. रागावलो होतो, पण झोप त्यामुळे उडाली नव्हती. तुझं एक वाक्य डोक्यात अडकून बसलं होतं. 'काका, फोटो खोटा निघाला हे मान्य, पण तिकडे तसं होतंच ना?' हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मीही एकदा ते म्हटलंय, जवळजवळ याच सुरात. तेव्हा माझ्यापुढे जी मुलगी उभी होती ती तुझ्याच वयाची असेल. तिच्याकडे नंतर येतो. फोनवर मी चिडतो आणि तू 'हं, हं' करत राहतोस, म्हणून लिहायला बसलो.

आधी तू ग्रुपवर टाकलेला फोटो. सुटाबुटातल्या नवरदेवांची मिरवणूक आणि त्यांचा हात धरून चालणाऱ्या, पांढऱ्या झग्यातल्या चिमुरड्या मुली. वर तुझी ओळ : 'बघा, ही यांची संस्कृती.' फोटो २००९ सालच्या गाझातल्या सामूहिक विवाह सोहळ्याचा आहे. मुली नवऱ्यामुलांच्या नात्यातल्या, भाच्या-पुतण्या, चुलत-मावस बहिणी. घरात लग्न म्हणून नटून मिरवायला आलेल्या. वधू मोठ्या होत्या आणि बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. हे तेव्हाच उघड झालं होतं. तरी इतक्या वर्षांनी तो फोटो फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचला आणि तू त्याला आणखी एक धक्का दिलास.

तुझा वर्गमित्र ग्रुपवर एक शब्द बोलला नाही आणि रात्री ग्रुप सोडून गेला. आता तू विचारतोस, माफी मागायची तर कशाची? मी तर बालविवाहाच्या विरोधात लिहिलं होतं!

बालविवाह वाईट, हे मी तुला शिकवायचं? ते तुझ्या रक्तात आहे हे धरूनच मी बोलतोय. पण तू बालविवाहाविरुद्ध लिहिलंच नव्हतंस. तू 'यांची' असं लिहिलं होतंस. माफी त्या एका शब्दाची मागायची आहे.

फोटोला अनेकवचन नसतं. हे मी तुला या पत्रात चार-पाचदा तरी सांगणार आहे, तेव्हा आत्ताच कंटाळू नकोस. कॅमेऱ्याला 'हे लोक' दिसत नाहीत. त्याला एक माणूस दिसतो, एका जागी, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरता. दहा माणसं असली तर ती दहा माणसं दिसतात, अकरावं दिसत नाही. आणि व्याकरणात आपण ज्याला रीतिकाळ म्हणतो ना, 'ते नेहमी भांडत असतात', 'त्यांच्यात असंच चालत असतं', तो तर फोटोला कधीच जमत नाही. 'नेहमी' आणि 'त्यांच्यात' हे दोन्ही शब्द खाली ओळ लिहिणारा आपल्या खिशातून घालतो.

तू मोठ्या उत्साहाने सांगितलंस की आता रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे फोटोवरूनच मूळ फोटो शोधणं, शिकलो, यापुढे प्रत्येक फोटो तपासूनच टाकीन. शिकलास ते बरं केलंस. फोटोचा एखादा कोपरा कापून शोध, उलटा करून शोध, दुकानाची पाटी, गाडीची नंबर प्लेट, सावली बघ. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत तारखेची आणि जागेची आतली नोंद बहुतेक गळून गेलेली असते, म्हणून मूळ फोटोपर्यंत जावं लागतं. हे सगळं कर. पण एवढ्याने सुटका झाली असं वाटत असेल तर तू अजून काहीच शिकला नाहीस. कारण खरा फोटो तुझ्या सगळ्या परीक्षा पास होऊन येईल आणि तरीही खोटं बोलेल.

मार्च २०१७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर एकाने माणसांवर गाडी घातली. त्या दिवशीचा एक फोटो जगभर गेला. जखमी माणसाभोवती काही जण वाकलेले, आणि बाजूने हिजाब घातलेली एक तरुण स्त्री हातातल्या फोनकडे बघत जातेय. तारीख खरी, जागा खरी, एका ठिपक्याचीही फेरफार नाही. खाली ओळ आली की बघा, माणूस मरतोय आणि ही मुस्लिम बाई खुशाल फोन बघत चाललीय. फोटो काढणाऱ्यानेच पुढे सांगितलं की ती भेदरलेली दिसत होती. त्या स्त्रीनेही नंतर कळवलं की तिने मदत लागेल का असं विचारलं होतं, घरच्यांना आपण सुखरूप आहोत हे कळवलं होतं आणि वाटेत एका बाईला वॉटर्लू स्टेशनपर्यंत पोचवलं होतं. पण तोवर तिचं 'या बायका' होऊन गेलं होतं. त्याच पुलावर त्याच वेळी आणखी किती जण घरी फोन लावत चालले असतील. त्यांच्या धर्माची ओळ कोणी लिहिली नाही. आणि गंमत बघ, ती ओळ पसरवणारं खातं स्वतःला टेक्सासमधला देशभक्त म्हणवत होतं. काही महिन्यांनी ते रशियातून चालवलेल्या खात्यांच्या यादीत निघालं. म्हणजे ज्याला त्या बाईशी देणंघेणं नव्हतं, लंडनशी नव्हतं, टेक्सासशीही नव्हतं, त्याला एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं की लोकांच्या हाती एकवचन दिलं की ते स्वतःच त्याचं अनेकवचन करतात.

कधी कधी तर माणूसही लागत नाही. त्याच वर्षी नॉर्वेत एकाने थट्टा म्हणून स्थलांतरितांचा राग करणाऱ्या फेसबुक ग्रुपवर बसमधल्या रिकाम्या सीटांचा फोटो टाकला आणि विचारलं, याबद्दल काय वाटतं? उंच पाठीच्या काळ्या सीटा. कित्येकांना त्या बुरखा घातलेल्या बायका वाटल्या. भयानक आहे, यांच्यावर बंदी घाला, आत शस्त्रं लपवली असतील, अशा प्रतिक्रियांचा पाऊस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसलो. मग हसू आवरलं, कारण आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरची एक दुपार आठवली.

दया आली तरी तेच होतं, हे तुझ्या पिढीला विशेष सांगायला हवं. तुम्हाला वाटतं, द्वेष नसला की झालं. व्हिएतनामच्या तेव्हाच्या 'हा जियांग' प्रांतात ना सन न्गुयेन या छायाचित्रकाराने २००७ मध्ये दोन मुलांचा फोटो काढला. आईबाप शेतावर गेलेले, मुलं घरापुढे खेळत होती, अनोळखी माणूस बघून धाकटी रडली, थोरल्याने तिला कवेत घेतलं. २०१५ मध्ये तोच फोटो नेपाळच्या भूकंपातली अनाथ भावंडं म्हणून फिरला, आणि त्याआधी तो सीरियातल्या युद्धाचा म्हणूनही फिरला होता. शेअर करणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांच्या लेखी गरीब देशातली मुलं म्हणजे सगळी सारखीच, कुठलीही कुठेही चिकटवावीत.

आणि हे प्रकरण किती खाली जातं बघ. २०१८ साली म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांवर, म्हणजे तिथल्या मुस्लिम अल्पसंख्याकांवर, पुस्तक काढलं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्यातले जुने फोटो तपासले. रोहिंग्यांनी मारलेले बौद्ध म्हणून छापलेला फोटो निघाला १९७१ सालच्या ढाक्यातला. म्यानमारमध्ये घुसणारे लोंढे म्हणून छापलेले निघाले १९९६ मध्ये टांझानियात रवांडाच्या निर्वासितांचे. मूळ फोटो रंगीत होता, तो काळापांढरा करून जुना भासवला होता. हे तुझ्या ग्रुपवरचे उनाड फॉरवर्ड नव्हेत, एका सैन्याने छापलेलं पुस्तक आहे. पण युक्ती तीच.

हे मोबाइलने आणलंय असंही समजू नकोस. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने १९१० च्या सुमाराला अमेरिकेतल्या आदिवासींचा एक फोटो काढला. तंबूत दोन पुरुष बसलेत, त्यांच्या मधे एक घड्याळ आहे. निगेटिव्हमध्ये ते आहे, छापील चित्रात खोडलेलं. 'ते लोक' काळाच्या बाहेरचे दिसायला हवे होते ना, मग त्यांच्यापाशी घड्याळ कसं चालेल?

आता माझं.

मी डेस्कवर नवा होतो. रविवारच्या पुरवणीत, शहरात नव्याने आलेल्या एका समाजावर लेख होता. सोबत दोन कॉलमी फोटो : भर दुपारी पत्र्याच्या सावलीत हातगाडीवर झोपलेला एक माणूस. ओळ मी लिहिली. 'कामाच्या वेळी निवांत पहुडलेली ही मंडळी.' बरोब्बर एका ओळीत बसली म्हणून खूशही झालो होतो.

दोन दिवसांनी ती मुलगी आली. हातात कात्रण. म्हणाली, हे माझे बाबा आहेत, रात्रभर ट्रक उतरवतात, दुपारी झोपतात. मग कात्रणावर बोट ठेवून विचारलं, 'ही मंडळी म्हणजे कोण? इथे तर बाबा एकटेच आहेत.' मी काय म्हणालो माहितीये? 'फोटो खरा आहे की नाही?' ती म्हणाली, खरा आहे. मी म्हणालो, 'मग झालं तर. आणि तुमच्याकडे दुपारी अशी झोपणारी माणसं असतातच ना?' तिने कात्रणाची घडी घातली. जाता जाता एवढंच म्हणाली की कामावर आता सगळे बाबांना 'मंडळी' म्हणूनच हाक मारतात.

त्या दिवसापासून मी हट्टी झालो. कोण, कुठे, कधी हे कळल्याशिवाय माझ्या हातून फोटो गेला नाही. ओळ एकवचनात लिहायची. एकवचनात लिहिता येत नसेल तर तो फोटो लावायचा नाही. सहकारी 'आले व्याकरण मास्तर' म्हणायचे. एकदा एका मिरवणुकीच्या फोटोसाठी मध्यरात्री छायाचित्रकाराला तीनदा उठवलं, पान अडकलं, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची गाडी चुकली. नंतर मला पहिल्या पानावरून हलवलं. माझ्यामागून आलेला मुलगा मुख्य उपसंपादक झाला. तो हुशार होता, फोटोही झटपट लावायचा. तुझी काकू अजून म्हणते की थोडं नमतं घेतलं असतं तर बिघडलं नसतं. मिरवणुकीत तलवार हातात घेतलेला एकच मुलगा होता आणि मला ओळ देण्यात आली होती 'तलवारी नाचवत'. तलवारी! मी का नमतं घ्यायचं? मागे वळून बघताना वाटतं खरं की दहातल्या सहा भांडणांची गरज नसेल. पण ती सहा कुठली हे तेव्हा कळायला काही मार्ग नव्हता, अजूनही नाही.

तू विचारशील, मग समाजाबद्दल काही बोलायचंच नाही का? बोल की! पण अनेकवचन हवं असेल तर मोजणी कर. युनिसेफने २०२३ मध्ये मांडलेला अंदाज आहे की आज हयात असलेल्या सुमारे ६४ कोटी मुलींची आणि स्त्रियांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आहेत. अनेक देशांतल्या, अनेक धर्मांतल्या. हे अनेकवचन कमावलेलं आहे, कोणीतरी दारोदार जाऊन प्रश्न विचारलेत. तुझ्या फोटोतल्या मुली त्यात नाहीत, त्या तर काकाच्या नाहीतर मामाच्या लग्नात नटल्या होत्या. ज्यांच्यासाठी तुझं रक्त उसळलं त्यांच्या बाजूने तू खोटा साक्षीदार उभा केलास, आणि आता त्यांचा खरा मुद्दाही ऐकताना लोक म्हणतील, हो हो, तो गाझाचा फोटोही असाच होता.

म्हणून ग्रुपवर लिही. जिथे फोटो टाकलास तिथेच, सगळ्यांसमोर. खासगीत माफी मागणं सोपं असतं, ते नंतर कर. माझा हेतू चांगला होता, हे वाक्य नको. हेतू माझाही वाईट नव्हता, मला फक्त ओळ बसवायची होती. आणि मित्राकडे स्वतः जा. तो दार उघडेल की नाही सांगता येत नाही. उघडलंच तर त्याला 'तुमच्यात' या शब्दाने सुरू होणारा एकही प्रश्न विचारू नकोस, कुतूहलाचासुद्धा नाही.

त्या मुलीला मी शोधलं का, असं तू मागे एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. नाही शोधलं. वर्षभराने शहाणपण आलं तेव्हा संपादकांकडे जाऊन म्हणालो, दुरुस्ती छापू या. त्यांनी विचारलं, छापू, त्या माणसाचं नाव काय? मला सांगता येईना. ती पाच मिनिटं माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मी तिलाही तिचं नाव विचारलं नव्हतं.

तुझा,
काका

ता. क. ग्रुपवर लिहिताना तो फोटो पुन्हा जोडून त्यावर 'हा खोटा आहे' असं लिहू नकोस. कोणीतरी तेवढाच फोटो उचलेल आणि तुझी ओळ मागे राहील. नुसते शब्द लिही.