मॅक्रो लेन्सला हूड कायम लावून ठेवावा का?

नाही. मॅक्रो म्हणजे जवळून टिपायची लेन्स आणि हूड म्हणजे तिच्या तोंडावर लावायचं, बाजूचा उजेड अडवणारं नळकांडं. किडा किंवा बेडूक अगदी जवळून टिपायचा असेल तर हूड काढून बॅगेत टाका.

तुम्ही लिहिलंय की १०० मिमीच्या मॅक्रोबरोबर आलेला हूड फार लांब आहे आणि अनुभवी लोक तो काढू नका म्हणतात. हे 'अनुभवी लोक' माझ्या चांगले ओळखीचे. आमच्या ग्रुपमध्येही एक ज्येष्ठ आहेत. हूड नसलेली लेन्स दिसली की चारचौघांत टोकतात. त्यांच्या धाकाने मी दोन पावसाळे हूड काढला नव्हता.

मग जुलैत आंबोलीला गेलो. रात्रीचे साडेदहा, पाऊस नुकताच उघडलेला, मोज्यात जळवा. कमरेएवढ्या झुडपात एक बुश फ्रॉग पानावर बसून ओरडत होता. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. गळ्याची थैली फुगली की बॅटरीच्या उजेडात काचेच्या गोटीसारखी चमकायची. मला फक्त तोंड आणि थैली हवी होती, म्हणून इंच इंच सरकत पार १:१ पर्यंत, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटेल इतक्या जवळ, गेलो. डोळा व्ह्यूफाइंडरला. हूडची कड शेजारच्या फांदीला कधी टेकली कळलंच नाही. फांदी हलली, पान हललं, बेडूक गेला. अर्धा तास शोधला, आवाज येत राहिला, दिसला नाही.

बरं, आधी मिळालेले सहा-सात फोटो तरी? सगळ्यांत खालच्या बाजूला काळा अर्धगोल. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या पॉप-अप फ्लॅशच्या वाटेत हूड आलेला.

घरी येऊन पट्टीने मोजलं. माझी कॅननची १०० मिमी एल आहे. किमान फोकस अंतर ३० सेंमी, पण ते सेन्सरपासून. पुढच्या काचेपासून १:१ ला जेमतेम १३-१४ सेंमी उरतात आणि त्यातले जवळपास निम्मे हूडच खातो. ६० मिमीच्या मॅक्रोवर तर मुळातच इतकं कमी अंतर मिळतं की विचारू नका. टॅमरॉनच्या जुन्या ९० मिमीची काच एवढी आत असते की तिचं नळकांडंच हूडचं काम करतं. हे सगळं मी त्या ज्येष्ठांना आकड्यांसकट ऐकवलं. उत्तर आलं, 'मग सराव वाढव.' आता यावर काय बोलणार! अंधारात, स्वतःच्याच फ्लॅशवर फोटो काढताना हूड नेमका कुठला उजेड अडवतो, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

दिवसाची गोष्ट वेगळी, हे मान्य. कासला सकाळच्या तिरप्या उन्हात दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट थेंब बॅकलाइटमध्ये, म्हणजे मागून येणाऱ्या उजेडात, घ्यायचे असतील तर हूड लावा, नाहीतर फोटो धुरकट येतो. अगदीच अडत असेल तर तळहाताची सावली धरा, फक्त बोटं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. फुलपाखरं, चतुर वगैरे जरा लांबूनच घेतो आपण, तिथे हूड असू द्या. चालताना तर लावाच, कारवीत घुसताना काच वाचते.

आणि हो, पाऊस. गेल्या वर्षी आंबोलीलाच हूड काढून बसलो होतो, झाडावरून एक थेंब बरोबर काचेच्या मधोमध पडला. वीस फ्रेम झाल्यावर लक्षात आलं. ग्रुपमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही.