थंडीत पॅडल रिकामे का फिरते?

प्रश्न : मी हिवाळ्यातही रोज सायकल चालवतो. पारा शून्याखाली आठ-दहा अंशांवर गेला की घरातून निघताना सारे ठीक असते, पण पंधरा-वीस मिनिटांनी पॅडल रिकामेच फिरू लागते आणि मग एकदम पकड येऊन पायाला झटका बसतो. दुकानात नेल्यावर दोष सापडत नाही. महिन्यापूर्वी मी मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून त्यात भरपूर ग्रीस भरले होते. चूक कुठे झाली असावी?

उत्तर : आपण लिहिलेल्या ‘भरपूर’ या शब्दातच चूक आहे. मागच्या हबमध्ये वंगणाच्या दोन निरनिराळ्या जागा असतात : एक छऱ्यांची आणि दुसरी फ्रीहबमधल्या कुत्र्यांची. फ्रीहब म्हणजे पॅडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग आणि कुत्रे म्हणजे पॅडलचा जोर चाकाला देणारे त्यातले छोटे खटके. छऱ्यांना दाट ग्रीस मानवते. थंडीत ते घट्ट झाले तरी चाक जरा जड फिरते, इतकेच. कुत्र्यांना मात्र बारीक स्प्रिंगच्या जोरावर क्षणात उभे राहून दात्यांत अडकावे लागते आणि गारठ्याने मेणासारखे झालेले ग्रीस त्यांना खाली बसलेल्या अवस्थेतच धरून ठेवते. उबदार दुकानात ते ग्रीस पुन्हा सैल होते, त्यामुळे कारागिराला दोष दिसत नाही, यात त्याची चूक नाही.

फ्रीहब सोडवून रॉकेलने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि कुत्र्यांना पातळ तेलाचे थोडेच थेंब द्यावेत. काडीच्या टोकाने कुत्रा दाबून सोडला की तो टचकन वर आला पाहिजे. आळसावून उठला, तर अजून ग्रीस शिल्लक आहे असे समजावे. हीच परीक्षा फ्रीहब रात्रभर बाहेर थंडीत ठेवून सकाळी पुन्हा घ्यावी, कारण घरातल्या उबेत तो फसवतो. पातळ तेल लवकर ओसरते, म्हणून हिवाळ्यात ते अधूनमधून पुन्हा द्यावे लागेल. माझ्या मते ही कटकट रिकाम्या पॅडलपेक्षा खूपच बरी.

धुतलेल्या हबमध्ये ओल राहिली, तर तिचा बर्फ होऊन हाच त्रास पुन्हा होतो. छऱ्यांसाठी कमी तापमानाची मर्यादा डब्यावर छापलेले ग्रीस घ्यावे. वाटी-कोनाच्या हबमध्ये, म्हणजे जिथे छरे वाटी आणि आवळता येणारा कोन यांच्यामध्ये फिरतात तिथे, मागे बहुधा दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छरे असतात. कोन आवळताना किंचित खेळ (ढिलेपणा) ठेवावा, कारण क्विक रिलीज (चाक पक्के करणारी खटक्याची दांडी) कसल्यावर आस दाबली जाऊन तो खेळ नाहीसा होतो. रस्त्यावर मीठ टाकत असतील, तर हब तपासण्याचे अंतर निम्म्यावर आणावे. फ्रीव्हील नसलेल्या, म्हणजे चाकाबरोबर पॅडलही फिरतच राहणाऱ्या, फिक्स्ड हबला हा आजार जडतच नाही, म्हणून काही जण हिवाळ्यासाठी तशी वेगळी सायकल ठेवतात.

दुरुस्ती होईपर्यंत चढावर उभे राहून पॅडल मारू नये. पकड सुटली तर सारा भार पुढे जाऊन आपण हँडलवर आदळाल.