मोटरस्पोर्टमध्ये सगळ्यात यशस्वी कार कंपनी कोणती? फेरारीच ना?

नाही, पोर्शे. तुम्ही प्रश्नातच उत्तर ठरवून टाकलंय. माझा मेहुणाही नेमकं हेच करतो, म्हणून लिहायला बसलो.

एका गणपतीत सासुरवाडीला, सांगलीला, जेवणं आटोपून सगळे बसलो होतो. मेहुणा एफ-वनचा, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींचा भक्त. फेरारीची 16 कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे गाडी बनवणाऱ्या संघाची) विजेतेपदं, 1950 पासून एकही हंगाम चुकवलेला नाही, सगळं तोंडपाठ. मी पोर्शेचं नाव काढलं तर म्हणतो, "दाजी, पोर्शेच्या गाडीनं एफ-वनची ग्रां प्री, म्हणजे एक शर्यत, किती वेळा जिंकलीय?" उत्तर एक. 1962, फ्रेंच ग्रां प्री, चालक डॅन गर्नी. मी ते सांगितलं, आणि सासरे मोदक खाता खाता म्हणाले, "एकच? मग वाद कसला घालताय?" सगळे हसले, विषय संपला.

माझ्यासाठी संपला नाही. 1984 ते 86 एफ-वनच्या मॅक्लारेन संघाच्या गाडीत जे टर्बो इंजिन होतं ते पोर्शेनं बनवलेलं. पैसे टॅग या कंपनीचे, म्हणून इंजिनावर नाव टॅगचं. त्याच्या जोरावर मॅक्लारेनचे चालक लाउडा एकदा आणि प्रॉस्ट दोनदा जगज्जेते झाले. मेहुणा म्हणतो, नाव नाही तर श्रेय नाही. बरं, राहू दे.

मग फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत घ्या. 2025 पर्यंतचे विजय: पोर्शे 19, ऑडी 13, फेरारी 12. पण मला आकड्यांपेक्षा मोठं वाटतं ते हे, की पोर्शे जिंकणारी गाडी गिऱ्हाइकाला विकते आणि ते गिऱ्हाईकही जिंकतं. 1984 ला नियमांवरून बिनसलं म्हणून पोर्शेचा स्वतःचा संघ ले मान्सला गेलाच नाही. राइनहोल्ड योस्टच्या खासगी संघानं पोर्शेकडून घेतलेली 956 ही गाडी घेऊन शर्यत मारली. पुढच्या वर्षी कंपनीचा संघ नवी 962 घेऊन हजर, तर योस्टनं त्याच जुन्या गाडीनं त्यांनाही हरवलं! इंधन मोजून मिळायचं आणि ते पुरवून वापरण्यात योस्टची माणसं वस्ताद. आपल्याच गिऱ्हाइकाकडून हरण्याइतकी चांगली गाडी विकणाऱ्या कंपन्या विरळाच.

2025 ला ले मान्समध्ये पिवळी फेरारी जिंकली त्या रविवारी संध्याकाळी मेहुण्याचा लगेच मेसेज. पोर्शे जेमतेम 14 सेकंदांनी दुसरी. पण ती पिवळी गाडीही खासगी नोंदणीची होती, कंपनीच्या संघाची नव्हे, म्हणजे गिऱ्हाईकही जिंकतं हा माझाच मुद्दा. त्यावर त्यानं अंगठा पाठवला.

रॅलीबद्दल विचारत असाल तर उत्तर बदलतं. तिथं लान्सिया ही इटालियन कंपनी, 1987 ते 92 सलग सहा विजेतेपदं. पोर्शेनं माँटे कार्लोची रॅली 1968 ते 70 सलग तीनदा मारली, डकार रॅलीही दोनदा, पण पूर्ण हंगामाच्या हिशोबात लान्सियाच. आणि फक्त एफ-वन म्हणत असाल तर फेरारी, त्यात काही बोलायलाच नको.

आता खरं सांगायचं तर माझ्या बाजूतही खोट आहे. पोर्शेच्या ले मान्सच्या त्या 19 पैकी 1996 आणि 97 चे दोन विजय योस्टच्याच संघाचे, आणि ती गाडी मुळात जग्वारच्या सांगाड्यावर उभी केलेली. 1991 ला एफ-वनच्या फुटवर्क संघाला दिलेलं पोर्शेचं व्ही-12 इंजिन तर निव्वळ भंगार होतं, त्यावर एक गुणसुद्धा मिळाला नाही. मेहुण्याला हे अजून सापडलेलं नाही.